देवाचं देणं

माझा थोरला भाऊ सिन्नरला शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाला तरी शिकवणं काही सुटलेलं नाही. माझी मुलगी पुण्यात एका लहान कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. मामा-भाचीचं एरवी मेतकूट आहे, वाद होतो तो ग्रीक देवांवरून. हल्लीच्या कित्येक गेममध्ये झ्यूस, पोसायडन, अथेना ही मंडळी खेळणाऱ्याच्या पाठीशी उभी राहतात. कुणी त्याला वीज देतं, कुणी लाट, कुणी ढाल, आणि त्या बळावर तो पुढचा शत्रू लोळवतो. भावाच्या मते ही पुराणकथेची परवड आहे, तर मुलीच्या मते पुराणकथा आज जिथे खरोखर जिवंत आहे अशा थोड्या जागांपैकी ही एक. यंदाच्या दिवाळीत सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाच्या आवारात दोघांचं जे बोलणं झालं ते मी इथे दिलं आहे. जिथे राहवलं नाही तिथे मधे माझंही मत घातलं आहे.

भाची : मामा, या देवळाची मांडणी बघा. मधे शंकर आणि भोवती विष्णू, गणपती, सूर्य, पार्वती यांची लहान देवळं. 2002 मध्ये 'एज ऑफ मिथॉलॉजी' नावाचा गेम आला. त्यात ग्रीकांची बाजू घेतली की आधी झ्यूस, पोसायडन किंवा हेडीस यांपैकी एक मुख्य देव निवडायचा. मग दर युगात दोन धाकट्या देवांपैकी एकाला जवळ करायचं. एक देव मधे, बाकीचे त्याच्याभोवती. पंचायतनच झालं की हे.

मामा : पंचायतनात मधला देव बदलतो हे खरं. कुणी विष्णू मधे ठेवतं, कुणी देवी. पण भोवतीच्या चौघांना बसवतात ते पूजेला. तुझ्या गेममध्ये झ्यूस निवडताना पोरं काय बघतात? त्याची वीज एका फटक्यात शत्रू जाळते, एवढंच ना? मग तो देव कसला, ते हत्यारांचं कपाट झालं.

भाची : म्हणजे हे देऊळ बांधणाऱ्याने देवाकडे काहीच मागितलं नसेल?

मामा : मागितलं असणारच. मागण्यावर माझा आक्षेप नाहीच. इलियडच्या पहिल्याच सर्गात क्रायसीस हा पुजारी अपोलोला आठवण करून देतो, की मी तुझं देऊळ शाकारलं, तुला बळी दिले, आता माझं ऐक. अपोलो ऐकतो आणि नऊ दिवस ग्रीकांच्या छावणीवर रोगाचे बाण सोडतो. देवाणघेवाण दोन्हीकडे आहे, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. पण ते देणं मनुष्याला कुठेतरी बांधून ठेवतं. तुमच्या खेळात बांधून काय ठेवतं ते सांग.

भाची : त्याच गेममधलं सांगते. ग्रीक बाजूच्या गावकऱ्यांना देवळापाशी उभं राहून प्रार्थना करावी लागते, तेव्हा देवाची कृपा साठते. कृपा नसेल तर मिनोटॉर नाही की सायक्लॉप्स नाही. प्रार्थनेला माणसं लावली की शेतातले आणि खाणीतले हात तेवढे कमी होतात. सैन्य हवं की धान्य हवं की देव, हे दर मिनिटाला ठरवावं लागतं.

मामा : हे बरं आहे. पण हा हिशेब झाला. बंधन त्याहून वेगळं असतं.

इथे भावाने विषय नाशिककडे वळवला, आणि तो वळवायला हवाच होता. ग्रीक देवांचं नाव काढलं की आपल्याला ते फार लांबचे वाटतात. पांडवलेण्यांमध्ये, म्हणजे प्राचीन त्रिरश्मी डोंगरात, सतराव्या क्रमांकाचं लेणं एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवून घेतलेलं आहे. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बाप धर्मदेव, गाव उत्तरेकडचं दत्तामित्री. आईवडिलांच्या पुण्यासाठी हे लेणं भिक्षुसंघाला दिलं, असं तो शिलालेखात सांगतो. त्याच डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन, पल्हवांचा नाश केला म्हणून त्याचा गौरव कोरलेला आहे. एकाच डोंगरात यवनांना हरवल्याचा अभिमान आहे आणि यवनाचं दानही आहे. कोल्हापूरला तर साक्षात पोसायडन आला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940च्या दशकात काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांत या समुद्रदेवाची लहानशी मूर्ती होती. भूमध्य समुद्राकडच्या व्यापारातून ती सातवाहन काळात इथवर आली. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेवर येऊन राहिला, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

भाची : मग आज तो मोबाईलच्या पडद्यावर आला तर तुम्हाला खटकतं का?

मामा : येण्याबद्दल तक्रार नाही. आल्यावर त्याचं काय करता, ते बघतो मी. तो 'हेडीस' का काय, तो दाखव पुन्हा.

'हेडीस' हा गेम 2020 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. सुपरजायंट गेम्स या अमेरिकन कंपनीचा. त्याचा नायक झॅग्रियस हा पाताळाच्या राजाचा, म्हणजे हेडीसचा मुलगा. बापाचं घर सोडून त्याला वर पृथ्वीवर जायचं आहे. वाटेत एकामागून एक दालनं, प्रत्येकात शत्रू. ऑलिम्पसवरचे काका, चुलत भावंडं त्याला दुरून वर पाठवतात. एक देव तीन वर पुढे ठेवतो, त्यातला एकच घ्यायचा. मेला की झॅग्रियस रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्याच घरात वर येतो आणि देवांनी दिलेले वर त्याच्यापाशी उरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मामा : होमरमध्ये हा झॅग्रियस नाही. हेसिअडमध्येही नाही. ऑर्फिक परंपरेत येतो तो झ्यूसचा मुलगा म्हणून, डायोनिससचंच एक रूप.

भाची : हेडीसचा मुलगा म्हणूनही त्याचा उल्लेख एस्किलसच्या एका हरवलेल्या नाटकाच्या तुकड्यात आहे. गेम लिहिणाऱ्यांनी तो उचलला. आणि कथा बदलणं हे ग्रीक नाटककारांचंच काम होतं ना?

मामा : ते मान्य. युरिपिडीसने तेच केलं. माझा प्रश्न वेगळा आहे. एक देव निवडला, दुसऱ्याला नाही म्हटलं, तर दुसऱ्याचं काय होतं?

भाची : हा प्रश्न तुम्ही विचाराल म्हणूनच हा गेम आणला. काही दालनांत दोन देव एकदम वर देतात. एकाचा घेतला की दुसरा भडकतो. 'माझा अपमान केलास' म्हणतो आणि तुमच्यावरच शत्रू सोडतो, स्वतःची शक्ती तुमच्यावर चालवतो. त्यातून वाचलात तरच राग शांत होतो.

भाऊ बराच वेळ ते दालन बघत राहिला. अथेनाची ढाल घेतली होती, म्हणून एरीजची फिरती पाती झॅग्रियसच्या मागे लागली होती. मुलीच्या बोटांखाली तो इकडून तिकडे पळत होता.

मामा : हा हिप्पोलिटस आहे. इ. स. पूर्व 428 मधलं युरिपिडीसचं नाटक. हिप्पोलिटसने आर्टेमिसला आपली मानलं आणि अ‍ॅफ्रोडायटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अ‍ॅफ्रोडायटीने त्याच्या सावत्र आईच्या मनात त्याच्याविषयी वासना पेटवली आणि शेवटी त्याला त्याच्याच घोड्यांकडून फरपटवून मारलं. आर्टेमिस येते कधी? तो मरायला टेकल्यावर. ती सांगते, एका देवाच्या इच्छेआड दुसऱ्या देवाने यायचं नाही, हा आमचा नियम आहे. आणि मृत्यू बघणं देवाला वर्ज्य म्हणून त्याचा प्राण जाण्याआधी निघून जाते. तुझ्या गेममध्ये राग शांत होतो. तिथे तो शांत होत नाही.

भाची : होत नाही, कारण नाटक एकदाच संपतं. माझ्या खेळाडूला पुढच्या दालनात जायचं असतं. पण निवडीला किंमत आहे, देवाला मानापमान आहे, हे त्याला कळतं. कपाटाला राग येत नाही, मामा.

या मुद्द्यावर मला मुलीचं पटलं. ज्या गेममध्ये देवाला स्वतःची इच्छा आहे, तिथे पुराणकथा टिकते. त्याच गेममध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. झॅग्रियस देवांना अमृताची कुपी भेट देतो, तेव्हा ते त्याला आपली खूण म्हणून एक वस्तू देतात. झ्यूस अंगठी देतो. ती बोटात घालून निघालं की पुढचा वर झ्यूसचाच मिळतो. आपल्याकडची नवसाची रीत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मामा : बरं, आता दुसरं. तो क्रेटोस. त्याचं काय?

भाची : 'गॉड ऑफ वॉर', 2005. एरीजला मारायला देव त्याला शक्ती देतात. पोसायडनचा कोप, झ्यूसची वीज, मेड्युसाची नजर. आणि 2010च्या तिसऱ्या भागात तो पोसायडनलाच मारतो, मग एकेक करत झ्यूसपर्यंत जातो.

मामा : देवाने दिलेल्या हाताने देवालाच मारायचं. हे कुठलं पुराण?

भाची : भस्मासुराचं. शंकराने वर दिला आणि तो शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. ही भीती आपल्याही कथांत आहे. आणि क्रेटोसला किंमत मोजावी लागते. पोसायडन मेला की समुद्र जमिनीवर चढतो, सूर्यदेव मेला की आभाळ काळं पडतं. जग त्याच्या हातून नासत जातं.

मामा : भस्मासुर हा असुर आहे. कथा त्याच्या बाजूने उभी राहत नाही. ग्रीकांमध्येच उदाहरण हवं असेल तर डायोमिडीस घे. इलियडच्या पाचव्या सर्गात अथेना त्याच्या डोळ्यांवरचं धुकं काढते, त्याला देव दिसू लागतात. अ‍ॅफ्रोडायटीवर वार कर, बाकी देवांच्या वाटेला जाऊ नकोस, असं सांगते. तो अ‍ॅफ्रोडायटीचं मनगट फाडतो. मग पेटतो आणि अपोलोवर तीनदा चालून जातो. चौथ्यांदा अपोलो दरडावतो, की देवांची आणि माणसांची जात एक नाही, मागे हो. आणि डायोमिडीस मागे सरतो. तो मागे सरतो म्हणून मोठा. तुमचा क्रेटोस कधी मागे सरतो?

भाची : त्या गेममध्ये नाही.

तिने हे चटकन मान्य केलं. मग भावाने तो मुद्दा काढला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मामा : तू मघाशी म्हणालीस, 2002च्या गेममध्ये देवाची शक्ती होती. ती कितीदा वापरता यायची?

भाची : एकदाच. एका देवाची एक शक्ती, एका डावात एकदा. पण 2024 मध्ये गेम नव्याने काढला, 'रीटोल्ड' नावाने. त्यात कृपा खर्चून, थोडं थांबून, पुन्हापुन्हा वापरता येते. लोकांना ते आवडतं. एकदाच वापरायची म्हटलं की बरेच जण ती राखून ठेवतात, आणि डाव हरेपर्यंत राखलेलीच राहते.

मामा : हाच तर कर्ण! कवचकुंडलं काढून दिली, तेव्हा इंद्राने त्याला शक्ती दिली. एकालाच मारेल आणि मग माझ्या हाती परत येईल, ही अट घालून. कर्णाने ती अर्जुनासाठी राखली. चौदाव्या दिवशीच्या रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेना चिरडायला लागला, सगळे ओरडायला लागले, आणि कर्णाला ती घटोत्कचावर टाकावी लागली. पांडव रडत होते आणि कृष्णाला आनंद झाला होता. एकदाच वापरायची होती म्हणून त्या रात्रीला वजन आहे. पुन्हापुन्हा वापरता आली असती तर कर्णाला कोण रडलं असतं? तुमच्या लोकांनी खेळ सोपा केला आणि कर्ण घालवला.

मुलीकडे याला उत्तर नव्हतं. ती म्हणाली, की खेळ बनवताना असा विचार करायला वेळ मिळत नाही, खेळणारा कंटाळू नये हे आधी बघावं लागतं. ते खरंही असेल. तरी भावाचंच बरोबर आहे असं मला वाटतं.

मामा : आणि शक्ती इंद्राकडे परत गेली, हे विसरू नकोस. आता पर्सियस घे. मेड्युसाला मारायला निघाला तेव्हा त्याच्या अंगावर स्वतःचं काहीच नव्हतं. हर्मीसने दिलेलं वज्राचं कोयतं. अप्सरांकडून पंखांचे जोडे, मुंडकं ठेवायची पिशवी आणि हेडीसची अदृश्य करणारी टोपी. मारताना त्याचा हात धरला अथेनाने, आणि त्याने बघितलं ते ढालीतलं प्रतिबिंब. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात पुढचं सांगितलंय. सगळं झाल्यावर पर्सियसने जोडे, पिशवी, टोपी हर्मीसकडे परत दिली, हर्मीसने ती अप्सरांना पोचती केली. मेड्युसाचं मुंडकं अथेनाला दिलं, तिने ते ढालीवर बसवलं.

भाची : परत दिलं? हे मला माहीत नव्हतं.

मामा : अर्जुनाचंही तेच. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीने वरुणाकडून गांडीव मागून अर्जुनाला दिलं. आयुष्यभर तो त्याच्यावर लढला. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या बायकांना घेऊन निघाला, तर वाटेत लुटारूंपुढे त्याच गांडीवाची दोरी त्याला धड चढवता येईना. तरी धनुष्य सुटेना. महाप्रस्थानाला निघाले, सगळं सोडलं, हे मात्र खांद्यावर. महाभारतात स्पष्ट म्हटलंय, लोभापायी. शेवटी अग्नी स्वतः वाटेत आडवा उभा राहिला. म्हणाला, हे वरुणाचं आहे, त्याला परत कर. भावांनीही समजावलं. तेव्हा त्याने धनुष्य आणि दोन्ही भाते पाण्यात टाकले. बाई, देवाने दिलेलं उसनं असतं. तुमच्या एका तरी गेममध्ये शेवटी ते परत करायचा प्रसंग आहे का?

भाची : 'हेडीस'मध्ये मेल्यावर देवांनी वाटेत दिलेलं सगळं जातं.

मामा : ते जातं. परत करणं वेगळं. अर्जुनाने हाताने पाण्यात टाकलं.

भाची : खेळणाऱ्याला मिळवलेलं सोडायला लावणं फार अवघड असतं, मामा. तो गेमच बंद करेल.

मामा : अर्जुनालाही अवघड गेलं. म्हणून तर अग्नीला यावं लागलं.

यानंतर बोलणं आपल्या देवांवर आलं. 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम काढला. महाबलासुराने पळवलेल्या भावाला सोडवायला राजी ही मुलगी निघते. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य तिला मिळतं. दुर्गा आणि विष्णू आपसांत तिची गोष्ट सांगत राहतात. भावाने तो थोडा बघितला आणि त्याला वणीची देवी आठवली. सप्तशृंगीचे अठरा हात, आणि हातांत एकेका देवाने दिलेलं शस्त्र : शंकराचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, इंद्राचं वज्र, यमाचा दंड. पण तो लगेच म्हणाला, की तिथे देवी उसनवार करत नाही. देवांच्याच तेजातून ती उभी राहते आणि त्यांची शस्त्रं तिच्या हातांत एकवटतात. राजी माणूस आहे, तिची गोष्ट पर्सियसची आहे.

भाची : मग आपले देव असे खेळात आणायला तुमची हरकत नाही?

मामा : ऑलिम्पसच्या देवांची देवळं चौथ्या शतकाच्या शेवटी थिओडोसियसच्या हुकमांनी बंद झाली. झ्यूसला कुणी काहीही केलं तरी दुखावणारं फारसं कुणी उरलेलं नाही. वणीला मात्र चैत्रात खानदेशातून माणसं उन्हातान्हात चालत येतात. म्हणून काळजी दुप्पट हवी, बाकी हरकत नाही. त्या 'स्माइट' गेममध्ये तर खेळणारा स्वतःच काली होतो आणि बटण दाबून तिला लढवतो. 2012 मध्ये हिंदूंकडून त्यावर आक्षेप आला होता, तो मला समजतो. देव सोबतीला असावा, त्याने द्यावं, रागवावं, परत मागावं. आपणच देव होऊन बसायचं, हे मला नको.

भाची : आणि परत मागणारा देव मी बनवला तर?

मामा : तर मी पहिला खेळेन.

माझं मत भावाच्या बाजूने थोडं जास्त झुकलेलं आहे, पण मुलीमुळे ते बदललंही आहे. हे खेळ पुराणकथेचे शत्रू आहेत असं मला आता वाटत नाही. त्यांनी देणं शिकून घेतलं आहे, निवड शिकून घेतली आहे, रागही शिकून घेतला आहे. परत करणं त्यांना अजून आलेलं नाही, आणि पर्सियस असो की अर्जुन, कथेचा शेवट तिथेच आहे. पुण्यात, नाशकात, मुंबईत जी मराठी मुलंमुली आज गेम बनवत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की वर मिळण्याचा प्रसंग जितक्या हौसेने रंगवता तितक्याच हौसेने तो परत करण्याचा प्रसंग रंगवा. खेळणारा कंटाळेल ही भीती थोडी बाजूला ठेवा. आणि घरात मूल झ्यूसची वीज घेऊन लढताना दिसलं तर त्याला पर्सियसची पूर्ण गोष्ट सांगा, जोडे आणि टोपी परत देईपर्यंतची. शाळेची सहल पांडवलेण्यांवर नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना सतराव्या लेण्याशी जरूर थांबवावं आणि इंद्राग्निदत्ताचा लेख वाचून दाखवावा.